सत्तावीस नंबरचा पाना

“ते झाकण बसवू नकोस अजून!” क्लाइव्ह पास्को शिडीवरून ओरडला. “आधी दुसऱ्याचे डोळे आत बघू देत.”

“दुसऱ्याचे म्हणजे माझेच ना? ऐंशीला टेकलेत ते, लेका,” खालून डेस हॅड्रिक म्हणाला. “बघतो. गावाला ऐकवू नकोस.”

कुरावाँग गावच्या धावपट्टीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहा वर्षं हेच चाललं होतं. हवाईदलानं मोडीत काढलेलं ते व्हॅम्पायर जातीचं लढाऊ जेट एका शेतात पडून होतं, वैमानिकाच्या जागी कोंबड्या अंडी घालत होत्या. गावातल्या निवृत्त म्हाताऱ्यांनी ते उचलून आणलं, स्क्रू न् स्क्रू सोडवला. जे गंजून चाळण झालं होतं ते बदललं आणि सगळं एकसारखं चंदेरी रंगवलं. आज दुपारी त्रेपन्न वर्षांनी त्याचं इंजिन सुरू व्हायचं होतं.

“सरक रे, नव्या खुब्याच्या,” शिडीवरून उतरत क्लाइव्ह म्हणाला. “विमानाचे भाग आम्ही बदलले, तुझे डॉक्टरनं. चार महिने इस्पितळात फुकटचा चहा ढोसलास आणि रंग वाळल्यावर उगवलास.”

“चहा पांचट होता,” डेस म्हणाला.

भिंतीवर अवजारांचा फळा होता. प्रत्येक पान्याचा, प्रत्येक पक्कडीचा आकार त्यावर पांढऱ्या रंगानं काढलेला. काम संपलं की अवजार आपल्या आकारावर परत गेलंच पाहिजे. एकच आकार सहा वर्षं रिकामा होता. तो क्लाइव्हनं मुद्दाम काढून ठेवला होता आणि त्याबद्दल कुणी थट्टा करत नसे.

सहासष्ट साली हवाईदलात हेच विमान क्लाइव्हच्या ताब्यात होतं. तो यांत्रिक, डेस वैमानिक. मोठ्या हवाई प्रात्यक्षिकाच्या आदल्या संध्याकाळी अवजारं मोजली, तर सत्तावीस नंबरचा पाना नाही. नियम कडक होता. एक अवजार हरवलं की ते सापडेपर्यंत विमान जमीन सोडणार नाही. तीन दिवस विमान उसवलं, पाना सापडला नाही. मग साहेब म्हणाला, विमानात नाही म्हणजे तू बाहेर विकलास. सगळ्यांसमोर त्यानं क्लाइव्हच्या बाहीवरच्या हुद्द्याच्या फिती उतरवल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या टेबलावर जेवायला कुणी बसेना.

डेस तेवढा बसला. ज्याचं उड्डाण बुडालं तोच बिअर घेऊन आला आणि एका शब्दानं बोलला नाही. त्याच महिन्यात, प्रात्यक्षिकाच्या आधी, डेसचा एक सोबती असल्याच विमानासह कोसळून गेला होता, तेव्हापासून डेसच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तशातही तो आला, याचं क्लाइव्हला जन्मभर अप्रूप वाटलं. पुढे क्लाइव्हनं हवाईदल सोडून चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले. दर नाताळला डेस हजर. क्लाइव्हची बायको गेली तेव्हा महिनाभर त्याच्या घरी राहिला. सख्खा भाऊ करणार नाही इतकं त्यानं केलं.

निदान त्याच्यासमोर तरी आपण चोर नव्हतो हे सिद्ध व्हावं म्हणून क्लाइव्ह सहा वर्षं प्रत्येक फटीत विजेरी घालत आला होता. पाना विमानातच कुठेतरी असणार, असं त्याचं मन सांगायचं. आता हे शेवटचं झाकण. ते बसलं की शोध संपला.

तो हात धुवायला गेला. डेस चाकांच्या फळकुटावर आडवा होऊन डाव्या पंखाखाली सरकला.

“क्लाइव्ह.”

आवाज वेगळाच होता. क्लाइव्ह ओल्या हातांनीच धावला. डेसच्या तळव्यावर काळ्या वंगणानं माखलेला पाना होता. क्लाइव्हनं तो विजारीला पुसला. सत्तावीस. त्यानंच ठोकलेले आकडे, सात जरा कलंडलेला.

 तो तिथेच फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

“विसराळू होतो मी,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “चोर नव्हतो, डेस. चोर नव्हतो.”

“मी तुला चोर म्हटलंय का कधी?” डेसनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचेही डोळे वाहत होते.

“काखेत कळसा नि गावाला वळसा!” नोंदवही सांभाळणारी जॉयस मटण भरलेल्या पाईंचा ट्रे तसाच टाकून आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. क्लाइव्हनं पाना फळ्यावर टांगला. पांढऱ्या आकारावर तो बरोबर बसला. तो कितीतरी वेळ तिथेच उभा राहून बघत होता.

“आज इंजिन तू सुरू करायचंस,” तो डेसला म्हणाला. “तुझं उड्डाण माझ्याकडे बाकी आहे.”

डेस काठी टेकत, कष्टानं शिडी चढून आत जाऊन बसला.

जॉयसनं वही उघडली. “सापडलेली वस्तू लिहिल्याशिवाय इंजिन नाही, तुझाच नियम. कुठे सापडला?”

“डाव्या पंखात.”

तिनं डाव्या पंखाचं पान काढलं. वर क्लाइव्हच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: न्यूझीलंडच्या विमानाचा पंख. बोटीनं आणला. बसवल्याची तारीख गेल्या जूनची होती.

जॉयसचं पेन थांबलं. ती एकदा पानाकडे, एकदा क्लाइव्हकडे बघू लागली.

सहासष्ट साली तो पंख समुद्रापलीकडे होता. गेल्या जूनमध्ये डेस इस्पितळात होता.

क्लाइव्हनं विमानाकडे पाहिलं. काचेआड डेस दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता, खूण होण्याची वाट पाहत.

“चुकलो मी, जॉयस,” क्लाइव्ह म्हणाला. “उजवा लिही.”