दोन गडद तुकडे

"हात लावू नकोस त्याला!" थोरली ओरडली.

धाकट्याने चिमटा खाली ठेवला नाही. त्याच्या पुढ्यात पेनाची बोटभर लांबीची पितळी नळी होती आणि तिच्यावर मशीनने कापलेले लाकडाचे इवलेसे तुकडे ओळीने बसवलेले होते. एक फिकट, एक गडद, पुन्हा फिकट, पुन्हा गडद. वरून दोन रबरी कडी चढवलेली. गोंद अजून घातला नव्हता. आणि बरोबर मध्यावर, जिथे नजर पहिल्यांदा जाणार, तिथे दोन गडद तुकडे शेजारी शेजारी आले होते.

"हे आप्पांनी केलंय?"

"नाही, शेजाऱ्यांनी येऊन केलंय. आप्पांनीच केलंय ना!"

"आणि तू नुसती बघत बसलीस?"

"मी एकेक तुकडा हातात देत होते. दाराशी कोणी आलं म्हणून उठले, तेवढ्यात त्यांनी आपल्या हाताने एक उचलला आणि बसवला. आकार सगळ्यांचा एकच आहे. बोटांना रंग कळतो का?"

आप्पा, दोघांचे वडील, जन्मभर कातारी. खुर्च्यांचे पाय, जिन्याचे गज, खेळणी, लेथवर लाकूड चढवायचं आणि घडवायचं. उद्या जुन्या कातारी मंडळींची भेट ठरली होती आणि तिथे आप्पा हे पेन सगळ्यांच्या हातातून फिरवणार होते. डोळे गेल्याचं त्यांनी त्या मंडळींना अजून सांगितलेलं नव्हतं.

"ती कातारी माणसं आहेत, ताई," धाकटा आवाज दाबून म्हणाला. "पेन हातात घेतल्या घेतल्या त्यांना दिसेल. एकमेकांकडे बघतील. मग आप्पांच्या पाठीवर हात ठेवतील. म्हातारा कामातून गेला म्हणतील."

"म्हणू देत."

"तुझं काय जातंय म्हणायला!"

"माझं काय जातंय?" थोरली टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर आली. "पटाशीला धार कोण लावतं रोज? लेथ सुरू झाला की त्यांच्या मागे श्वास धरून कोण उभं राहतं? तू वर्षातून एकदा येतोस आणि चपला काढायच्या आधी चुका काढतोस."

"चूक आहे म्हणून काढतोय. दोन गडदांतला एकच तुकडा बदलायचा. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"तेच तर! त्यांच्या कामात हात घालायचा आणि त्यांना कळूही द्यायचं नाही. उद्या लोक वाहवा करतील ती कोणाची? तुझी?"

"मग काय, त्यांचं हसं करून घेऊ? एकदा गोंद पडला की संपलं सगळं. काय करायचं ते आत्ताच."

त्याने चिमट्याचं टोक तुकड्याखाली सारलं. तुकडा घट्ट बसला होता. आप्पांच्या हाताने बसवलेलं काही सहजासहजी निघत नसे. धाकट्याने चिमटा फेकला आणि नख घातलं. तुकडा किंचित उचलला गेला. थोरलीने त्यावर अंगठा दाबला, दुसऱ्या हाताने गोंदाची बाटली ओढली, दातांनी टोपण उपटलं आणि बाटली उपडी केली.

पाण्यासारखा पातळ, क्षणात धरणारा गोंद. सांध्यासांध्यातून आत पळाला, नळीभर पसरला.

"सोड!"

"तू सोड!"

दोघांनीही सोडलं नाही, आणि मग सोडताच येईना. धाकट्याने बोट ओढलं तर पेन आलं, पेनाबरोबर थोरलीचा अंगठा आला.

"बघ, काय करून ठेवलंस!"

"मी केलं? बोट तू घातलंस!"

"नुसती वयाने थोरली! गोंद सोडवायचं अॅसिटोन कुठंय?"

"कपाटात, वरच्या फळीवर. अरे, ओढू नकोस, कातडं निघेल!"

"मग चल की पटकन!"

"कशी चलू? तू वाट अडवून उभा आहेस!"

स्टूल आडवं झालं. तुकड्यांची डबी जमिनीवर सांडली. दोघं एका पेनाला लटकून, एकमेकांकडे डोळे वटारत कपाटाच्या दिशेने आडवी आडवी सरकली आणि तिथेच थबकली. दारात आप्पा उभे होते. एक हात चौकटीवर.

"डोळे गेलेत माझे," ते म्हणाले. "कान शाबूत आहेत."

"आप्पा, हा बघा ना..."

"आप्पा, हिनेच..."

"गप्प बसा!"

हा आवाज दोघांनी लहानपणानंतर ऐकला नव्हता.

"चूक माझी. माझ्या हातून झालेली. तुम्ही कोण तिचे मालक? तुला ती लपवायची, हिला ती जपायची. मला विचारलंत? तुम्हा दोघांतल्या एकाने तरी विचारलं?"

जमिनीवरचा एक तुकडा आप्पांच्या पायाखाली चुरडला. त्यांना ते कळलं.

"गोंद घातला?"

"घातला," थोरली म्हणाली.

"मग आता रडायचं नाही. सुकला की लेथवर चढवू. उद्या कोणी दाखवायच्या आधी मीच दाखवीन, बघा, इथे माझे डोळे गेले म्हणून. पण मला जागा नेमकी कळली पाहिजे. कुठे आहेत ते दोन?"

ते हवेत चाचपत पुढे आले. त्यांच्या हाताला पेनाचं टोक लागलं. बोट टोकापासून सावकाश, एकेक सांधा ओलांडत निघालं, कुठेही न चुकता, आणि मध्यावर दोन बोटांना येऊन अडलं. आप्पांनी ती बाजूला सारायला पाहिली. ती हलली नाहीत.

"इथंच, आप्पा," धाकटा म्हणाला. "आमच्या बोटांखाली."