शिल्लक दोन

"कारण लिहिलेलं नाही," असं म्हणून नवऱ्याने मागणीपत्र परत केलं.

बायकोने उभ्या उभ्याच लिहिलं: स्वेटरची डावी बाही. कागद पुन्हा टेबलावर सरकवला. टेबल मागच्या खोलीच्या दारात आडवं लावलेलं होतं. आत चार कपाटं होती, कपाटांत तिने तीस वर्षांत जमवलेली लोकर होती आणि किल्ल्या त्याच्या कमरेला होत्या. हे संकट तिने स्वतःच ओढवून घेतलं होतं. कारखान्यातली स्टोअरकीपरची नोकरी संपल्यावर गृहस्थ दोन महिने नुसते भिंतीकडे बघत बसले होते. तिला ते बघवेना. लोकर तर डाळीच्या डब्यांपासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळीकडे शिरली होती. "एवढी माझी लोकर लावून द्या हो," असं ती एकदा म्हणाली आणि फसली.

आता प्रत्येक रंगाला नंबर होता. अर्ज सकाळी दहा ते बारा, दुपारी तीन ते पाच. रविवारी स्टोअर बंद. चहा मात्र तो बिनअर्जाचा मागायचा.

"हिरवी, नंबर एकशे चौदा." त्याने रजिस्टरवर बोट ठेवलं. "आले आठ गुंडे, दिले सहा, शिल्लक दोन. देता येणार नाहीत. शेवटचे दोन राखीव."

"कशासाठी राखीव?"

"अचानक गरज लागली तर."

"अहो, मला अचानकच गरज लागली आहे!"

"तशी नाही," तो म्हणाला. कशी, ते त्याने सांगितलं नाही.

तिचा जीव टांगणीला लागला होता. परवा सकाळी ताई जाणार होती. सत्तरी ओलांडलेली तिची थोरली बहीण कायमची मुलाकडे चालली होती, वर्षातले सात महिने बर्फ पडतो अशा गावी. पुन्हा भेट होईल, न होईल. लहानपणी एकच स्वेटर होता तेव्हा ताईने तो हिच्या अंगात घातला आणि स्वतः कुडकुडत शाळेत गेली. ते ही अजून विसरली नव्हती. पाठ झाली होती, पुढची बाजू झाली होती, उजवी बाही झाली होती. दुकानात हिरवी लोकर मिळत होती, पण वेगळ्या खेपेची. जवळ धरली की फरक लगेच दिसायचा. आज हे दोन गुंडे हातात आले तरच बाही परवापर्यंत जेमतेम उरकणार होती. आणि उद्या रविवार होता.

"वरिष्ठांकडे अपील करता येतं," नवरा म्हणाला.

"वरिष्ठ कोण?"

तो उठला, पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसला आणि त्याने घसा साफ केला. वरिष्ठांनी अर्ज दोनदा वाचला. मान हलवली. अर्ज फेटाळला. मग तो परत आपल्या खुर्चीत आला.

"मी सांगून बघितलं," तो हळू आवाजात म्हणाला, "पण ते कुणाचं ऐकत नाहीत."

आता मात्र तिचा पारा चढला. दारावर त्याच्याच वळणदार अक्षरात नियमांचा कागद चिकटवलेला होता. आजवर तिने तो कधी पुरता वाचला नव्हता. तिने चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"नियम तेरा. तक्रार आल्यास साठा तक्रारदारासमोर मोजून दाखवावा. माझी तक्रार आहे. मोजून दाखवा."

नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"पाच वाजले," तो म्हणाला.

"पाचला चार मिनिटं कमी आहेत."

त्याने कपाट उघडायला चारही किल्ल्या लावून पाहिल्या, योग्य ती सगळ्यात शेवटी. एकशे चौदाच्या कप्प्यात गुंडे नव्हते. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने ते तिच्या हातात दिलं आणि तो खिडकीतून बाहेर बघू लागला.

तिने कागद सोडला. आत एक हिरवी बाही होती. कडा वाकड्यातिकड्या, मधे दोन टाके सुटलेले, मनगटाशी बोट जाईल एवढं भोक.

"कुणी विणली?"

"अर्जाशिवाय माल बाहेर काढला," तो म्हणाला. "मीच काढला. सदतीस वर्षांच्या नोकरीत असं कधी केलं नव्हतं."

"अहो, पण तुम्हाला येतं कुठे विणायला?"

"तू विणत असायचीस ना रोज दुपारी. समोर बसून बघायचो."

त्या वेळी तो पेपर वाचतो, असं ती समजत होती.

"मला विचारायचं ना."

"कुठल्या तोंडाने विचारू? जन्मभर तुला नावं ठेवली, की घर आहे का लोकरीची वखार." त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "उसव तू. दोन गुंडे पुरे भरतील. मी गुंडाळून देतो."

ती आतून पिशवी घेऊन आली. त्यातली उजवी बाही काढून तिने टेबलावर पसरली आणि तिच्या शेजारी त्याची ठेवली. तिच्या बाहीवर मनगटापासून खांद्यापर्यंत विणीतला वेल उजवीकडे झुकत गेला होता. त्याचाही वेल तसाच चढला होता, पान न् पान मोजून, पण झुकला होता डावीकडे.

"समोरून बघत होतो, त्यामुळे आरशातल्यासारखं झालं सगळं," तो ओशाळून म्हणाला. "उलटी झाली."

तिने डोळ्यांना पदर लावला आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

"उलटी कुठे," ती म्हणाली, "डावी झाली आहे."