तिसरी तक्रार

पाठीमागे कुलूप लागल्याचा आवाज आला तसा केबलवाला चपापला.

"ओ मावशी, मलाही कोंडता की काय?"

"कोंडत नाही हो, लावून घेते," बाहेरून शेजारीण म्हणाली. "त्यांच्या मुलानं बजावलंय, दार क्षणभर उघडं राहता कामा नये. काम झालं की हाक मारा."

खोलीत भिंतभर टीव्ही, दोन्ही बाजूंना उभे स्पीकर, खाली कपाटात केबलचा बॉक्स. आणि समोरच्या खुर्चीत आजोबा. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस. पाहुण्याची वाट बघत बसावं तसे.

"चित्र गेलं," आजोबा म्हणाले.

"दर आठवड्याला कसं जातं हो?"

केबलवाल्याचं डोकं आधीच तापलेलं होतं. बॉक्स टीव्हीला आणि स्पीकरला त्यानंच जोडून दिला होता. पिवळी वायर चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. डोळे मिटून करावं असं काम. तरी पहिल्या खेपेला पिवळी लाल भोकात निघाली, दुसऱ्या खेपेला अर्धी बाहेर. आज सकाळी साहेबानं सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "एकाच घरातून तिसरी तक्रार! आज दोष तुझ्या जोडणीचा निघाला, तर उद्यापासून घरी बस."

कपाट जड होतं, पुरतं सरकेना. मग तो भिंत आणि कपाट यांच्या फटीत आडवा शिरला. छाती दाबली गेली, मान वळेना. चाचपडत त्यानं पिवळी वायर ओढून काढली आणि टॉर्च मारला.

पिनेच्या टोकावर कागदाची इवलीशी टोपी होती. चारी कडा आत दुमडून, वरून नखानं दाबलेल्या.

फटीतूनच त्यानं विचारलं.

"आजोबा, तुम्ही काम कुठलं करत होतात?"

"शिवणकाम. चाळीस वर्षं."

"तरीच. वायर ढिली झाली असती तर मी म्हटलं असतं, झाली आपोआप. पण कागदाला दुमड कोण घालतं?"

आजोबांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "कच्ची कड सोडवत नाही हो," ते हळूच म्हणाले.

केबलवाला धडपडत बाहेर आला. शर्टाला कोळिष्टकं, कपाळावर घाम. "म्हणजे तुम्ही मुद्दाम? अहो, माझ्या पोटावर पाय येतोय इकडे! काय मिळतं तुम्हाला यातून?"

"तुम्ही येता तेव्हा दार उघडतं," आजोबा म्हणाले. "जाता तेव्हा पुन्हा एकदा उघडतं. दोनदा होतं."

केबलवाल्यानं बंद दाराकडे पाहिलं.

"एकदा रस्ता चुकलो. एकदाच. तेव्हापासून हे असं. मुलगा वाईट नाही हो माझा. मी एकटा कंटाळू नये म्हणून त्यानंच आणलंय हे सगळं."

केबलवाल्यानं मोबाइल काढला. दोष कुणाचा ते नोंदवल्याशिवाय काम बंद होत नसे. तीन खाने होते: जोडणाऱ्याचा, गिऱ्हाइकाचा, बाहेरच्या लाइनचा. दुसऱ्यावर बोट टेकवलं की तो सुटला. त्याचं बोट तिथंच घुटमळलं.

"इथं लिहिलं की तुमच्या मुलालाही कळतं बरं का," तो म्हणाला.

"कळणारच. मग कपाटालाही कुलूप येईल." आजोबांनी शर्टाची कॉलर सारखी केली. "तुम्ही खरं ते लिहा. उगाच माझ्यापायी तुमची भाकरी नको जायला."

केबलवाल्यानं खिडकीकडे पाहिलं. तिलाही गज होते. दारापलीकडे शेजारीण किल्ल्या खुळखुळवत होती. "झालं का हो? माझं दूध आहे गॅसवर!"

"गॅस बंद करून या मावशी, वेळ लागेल!"

मग त्यानं मोबाइलवर तिसऱ्या खान्यावर बोट टेकवलं, टोपी पुन्हा पिनेवर बसवली, वायर जागच्या जागी खोचली आणि आजोबांच्या मुलाला फोन लावला.

"साहेब, दोष आत नाही, बाहेर आहे. गच्चीवर लाइन बघावी लागेल. वायर धरायला एक माणूस पाहिजे."

"शेजारच्या मावशींना न्या."

"त्यांना टीव्हीसमोर बसवतो. चित्र आलं की सांगायला कुणीतरी हवं ना."

"मग बाबांना नेणार? पडले-बिडले तर?"

"मी आहे ना. नाहीतर आज राहू द्या, दुसरा माणूस यायला आठवडा जाईल."

 मग मुलगा म्हणाला, "दहा मिनिटं. अकरावं नको."

जिन्याच्या अठरा पायऱ्या आजोबांनी कठड्याला हात न लावता चढल्या. गच्चीवर वारा होता. केबलवाल्यानं पिशवीतून वायरचं भेंडोळं काढलं आणि एक टोक त्यांच्या हातात दिलं. आजोबा वायर बोटांनी चाचपत मागे पिशवीपर्यंत गेले. दुसरं टोक पिशवीतच होतं, कशालाच न जोडलेलं.  तरी दोन्ही हातांनी वायर घट्ट धरून ते कठड्याशी गेले आणि खाली पाहू लागले. एक सायकल गेली. एक बाई छत्री विसरली म्हणून परत फिरली. कोपऱ्यावर दोघं कशावरून तरी हमरीतुमरीवर आले होते.

"आलं का?" केबलवाला जिन्यात तोंड घालून ओरडला.

"नाही!" खालून मावशी ओरडली. "नुसतं काळं!"

दहातली सात मिनिटं गेली होती. केबलवाल्याचा फोन थरथरत होता, पुढचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

"आजोबा," तो म्हणाला, "आता आणू का चित्र?"

आजोबांनी मान वळवली नाही.

"बघा बुवा," ते म्हणाले. "कच्चं काम नको."