बंद पेटीचं उत्तर

काटा हलला नाही. तिने तारा उलट्या जोडल्या, पुन्हा बटण दाबलं, मीटरच्या काचेवर टिचकी मारून पाहिली. काटा शून्यावर गाढ झोपलेला.

"आजी, आटप की. मागे रांग लागलीय," मागचा मुलगा म्हणाला.

आजीचं वय बावीस. पहिल्यांदा नापास झाली तेव्हा नव्या वर्गातली पोरं तिला ताई म्हणायची. दुसऱ्यांदा झाली तेव्हा ती थेट आजीच झाली. बाकी सगळे पेपर कधीच सुटले होते. घोडं अडलं होतं ते या एका प्रॅक्टिकलवर. संधी तीनच मिळतात, आणि ही तिसरी. यानंतर विद्यापीठाच्या यादीतून नाव जायचं, आणि त्याबरोबर पदवीही.

प्रयोग म्हणाल तर पोरखेळ. एक लाकडी पेटी, झाकणाला लाख लावून बंद केलेली. बाहेर पितळेचे दोन स्क्रू. पेटी न उघडता, नुसती वीज सोडून आणि मोजून, आत काय जोडलंय ते ओळखायचं. ही पेटी सरांच्या सरांनी बंद केली होती, आणि उत्तर एका चिठ्ठीवर लिहून सरांच्या हाती दिलं होतं. सर गेली तीस वर्षं त्या चिठ्ठीवरून जर्नलं तपासत होते. पोरं त्यांना पाठीमागे भोपळे म्हणत, कारण ते अर्धा गुण कधी देत नसत. पूर्ण द्यायचे, नाहीतर भोपळा.

पण पोरंही काही कमी नव्हती. एका जुन्या जर्नलवरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं, असं उत्तर खाली उतरत आलं होतं: एक रोध, एक डायोड, वीज एकाच बाजूने जाते. सोबत अठरा रीडिंग आणि एक देखणा आलेख. एका पठ्ठ्याने तर जुन्या आलेखावर चिरडलेली माशीसुद्धा एकोणिसावं रीडिंग समजून उतरवली होती. तो पहिल्या वर्गात पास झाला.

मोजायच्या भानगडीत पडली ती एकटी आजी. पहिल्या वर्षी तिने लिहिलं, 'पेटीतून वीज जात नाही. आत काहीच जोडलेलं नाही.' भोपळा. दुसऱ्या वर्षी तेच लिहिलं आणि सरांच्या खोलीत जाऊन सांगितलंही.

सर कागदावरून नजर न काढता म्हणाले, "तीस वर्षं पोरं या पेटीतून वीज नेतायत. नेमकी तुझ्याच वेळी ती संपावर जाते होय?"

"सर, एकदा उघडून पाहाल का?"

"उघडून पाहायचं असतं तर भौतिकशास्त्र कशाला हवं होतं? या तुम्ही."

त्या 'तुम्ही'नंतर ती दार लोटून बाहेर आली.

आज तिसऱ्या वर्षीही काटा तसाच. तिने पेटी परत केली, तेव्हा प्रयोगशाळेतले मामा फडक्याने टेबल पुसत होते.

"मामा, लाख नवी दिसतेय."

"सरांनी लावली सुट्टीत. मला म्हणाले, जा, चहा पिऊन ये. दोन तास चहा पीत होतो मी." मामांनी आवाज हळू केला. "पोरी, ऐक माझं. सगळे लिहितात ते लिही. आणखी वर्षभर तुझं तोंड पाहायला मला आवडेल गं, पण ते वर्ष तुला मिळणार आहे का?"

घरी दादा पंखा उघडून बसला होता. मोडक्या पंख्यांवरच त्याचं दुकान चालायचं. तिने सगळं सांगितलं.

"तार तुटली असणार. त्यात काय एवढं?" तो म्हणाला.

"ते सरांना कोण सांगणार?"

"माझ्याकडे बंद पंखा आला, तर मी बंद आहे म्हणतो. तुमच्याकडे तसं म्हणायला बंदी आहे?"

"दोनदा म्हटलं, दादा. दोनदा नापास केलं."

दादाने पाना खाली ठेवला. "मग त्यांना हवं ते लिही. पदवी हातात पडू दे. पुढे जन्मभर खरं बोलत बस, कोण अडवतंय?"

जर्नल दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. तिने एक जुनं मागून आणलं. अठरा रीडिंग उतरवताना हात दोनदा थांबला. तिसऱ्यांदा थांबला नाही. आलेख छान आला.

आठवड्याने सरांनी सगळा वर्ग प्रयोगशाळेत बोलावला. टेबलावर जर्नलांचा ढीग होता आणि त्यापासून वेगळं एकच जर्नल, तिचं. सरांनी खिशातून चाकू काढला, लाख खरवडली आणि झाकण उघडलं. आत एक रोध आणि एक डायोड होता. दोन्हींच्या तारा तुटून, गंजून तळाशी पडल्या होत्या.

"हे मी सुट्टीत पाहिलं," सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "तसंच ठेवून पेटी पुन्हा बंद केली. म्हटलं, बघू या वर्षी कोण मोजतंय. तुम्ही अडतीस जण नापास. पुढच्या वर्षी या, मोजायला शिकून या. मीही तीस वर्षं नापासच होतो, मला कोणी सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं, एका मुलीने, दोनदा." ते तिच्याकडे वळले. "तुमची मी माफी मागतो. तुमचं जर्नल मी अजून उघडलेलं नाही. आत काय आहे ते मला ठाऊक आहे, पण ते या सगळ्यांना ऐकू दे."

"सर, नका वाचू," ती उठून म्हणाली.

"आता कसला संकोच?" सर हसले. तीन वर्षांत तिने त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. मग त्यांनी चष्मा लावला, आणि तिचं जर्नल उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.