बाईंची चूक

इंदुमती खरोखरच गेली हे तिच्या नवऱ्याला, जयवंतला कळलं, त्या दिवशी ती नववीच्या फळ्यासमोर शेष सिद्धांत शिकवत होती.

तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. शाळेने तिच्या तासांच्या चित्रफितींवरून तिची हुबेहूब यांत्रिक प्रतिकृती करून घेतली होती. तोच आवाज, तशीच खडू झटकायची सवय आणि तीच मुद्दाम केलेली चूक. बहुपदीला एक्स अधिक दोनने भागायचं, तर एक्सच्या जागी उणे दोन घालायचे. इंदुमती नुसते दोन घालायची आणि कोणीतरी हात वर करेपर्यंत थांबायची. मग खुलून म्हणायची, "सापडले का मी? शाब्बास!"

जयवंतचा जन्म ट्रक चालवण्यात गेला. बीजगणित तो आता शिकला, तिच्याच वर्गात, शेवटच्या बाकावर बसून.

"काका, आज तरी पकडा," शेजारची स्वरांगी कुजबुजली. "नाहीतर मी पकडते हं."

"गप गं. आज माझी पाळी."

इंदुमतीने बहुपदी लिहिली. जयवंतने हात उचलला. तिने एक्सच्या जागी सरळ उणे दोन घातले, बाकी काढली आणि ती पुढच्या गणिताकडे वळली.

जयवंत उठला. तो तसाच मुख्याध्यापिकांकडे गेला.

"पालकांची तक्रार होती, काका. बाई चुकीचं शिकवतात म्हणून. काल दुरुस्त करून घेतलं."

"मग आधीची कुठंय?"

"ती पुसली गेली. का हो, काय झालं?"

तो वर्गाकडे परतला. वर्गात फळ्यावर सगळं बरोबर होतं. तिची चूक पकडायची मात्र राहून गेली.