द्वारकाला हाक मारणारी गाडी

धरणाच्या पाण्यावरून तरंगत आलेली पांढरी गाडी अंगणात उतरली आणि मायेने म्हणाली, "द्वारकाताई, चला. डॉक्टर वाट बघताहेत."

गाडीत माणूस कुणीच नव्हतं. द्वारका तांदूळ पाखडत राहिली. माणूस दिसत नसेल तर त्या आवाजाचं ऐकायचं नाही, हे डॉक्टरांनीच तिला शिकवलं होतं. त्या शिकवणीवर ती सात वर्षं तगली होती.

पूर्वी दवाखाना म्हणजे लाँच, मग दोन एसट्या. तरी ती जायची. लाँच बंद होऊन दवाखान्याची ही गाडी सुरू झाल्यापासून मात्र तीन खेपा चुकल्या. गोळ्या संपल्या आणि डोक्यातले जुने आवाज पुन्हा कुजबुजू लागले.

तिन्ही वेळा वहिनी शेतावर होती. आज ती लवकर परतली.

"वन्सं, गाडी कधीची हाका मारतेय, जात का नाही?"

द्वारकाचा हात थांबला. "वहिनी, तुला ऐकू येतंय?"

"अहो, सगळ्या आळीला येतंय!"

द्वारकाने तिचा हात घट्ट धरला. "मग तू बरोबर चल. खरं कोण बोलतंय, ते मला सांग."

गाडी दोघींना घेऊन धुक्यात उठली. खाली पाणी दुधासारखं पसरलं होतं.

"डावीकडे बगळे दिसतील," असं ऐकू आलं. द्वारकाने वहिनीकडे पाहिलं.

"गाडी बोलली," वहिनी म्हणाली.

थोड्या वेळाने द्वारकाने पुन्हा पाहिलं. वहिनीने हलकेच नकारार्थी मान हलवली.

द्वारकाने तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि तो दुसरा आवाज खाली पाण्यात सोडून दिला.