डोकं सांभाळ, गुरू

"डोकं सांभाळ, गुरू! डोकं!"

लग्नानंतर नीला पहिल्यांदा विनिपेगच्या रिंकमध्ये गेली, तेव्हा सासऱ्यांचा तो आवाज तिने ऐकला होता. सगळ्या इंग्रजी गलक्यात तेवढी एकच मराठी हाक. खाली बर्फावर तिचा नवरा आइस हॉकी खेळत होता. पोटासाठी खेळत होता, आणि धिप्पाड पोरांचे खांदे त्याच्यावर आदळत होते. सासरे गेले आणि ती हाक तिच्या वाट्याला आली. घशातल्या घशात ती कितीदा ओरडली असेल!

खेळ सुटल्यावर दोघांनी दुसऱ्याच देशात, पापाटोएटोला घर केलं होतं; आज तिथून क्लिनिककडे निघतानाही तीच हाक कानात होती. गाडीची किल्ली तिने मागितली, तर गुरुदत्तने ती आधीच खिशात टाकलेली.

"मी चालवते ना रे."

"तू बस गं निवांत."

निवांत कसली बसते! प्रत्येक सिग्नलला तिचा पाय आपोआप खाली दाबला जात होता.

"सिद्धीला कळवलंस का?" तिने विचारलं. मुलगी दुसऱ्या शहरात, टौरंगाला असायची.

"हो, सकाळीच. म्हणाली, 'बाबा, कॉल मी द मिनिट यू नो.'"

गेल्या हिवाळ्यापासून घरात काहीतरी निसटत होतं. कुकर जळून काळाठिक्कर पडला. कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आलं, पुन्हा दूध आलं, फ्रिजमध्ये दुधाच्या बाटल्यांची रांग लागली. एकदा तर दारातून गाडीच गायब. चोरी झाली म्हणून नीला रडकुंडीला आली, तेव्हा गुरुदत्त म्हणाला, "अगं, मीच ओटाहुहु स्टेशनला लावली आणि ट्रेनने आलो. साफ विसरलो बघ."

नीलाची सारी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये झाली होती. दुसऱ्याच्या कामातली चूक हुडकायची आणि ती पुन्हा पुन्हा घडते का, ते बघायचं. इथे तर प्रत्येक चूक तो आपणहून कबूल करत होता. तिला भीती वाटली ती त्या कबुलीचीच. खेळत होता तोवर या माणसाने पंचापुढे एक फाउल कबूल केला नव्हता. समोरचा रक्तबंबाळ पडलेला असला, तरी हा हात वर करून विचारायचा, "मी काय केलं?" असा माणूस आता मान खाली घालून म्हणतो, "माझंच चुकलं, नीलू." डोक्यावर बसलेले तेवढे मार कुठे ना कुठे वसूल होणारच होते, असं तिने मनाशी धरलं. तपासणीचा हट्ट तिनेच धरला. तोही लगेच तयार झाला. वेळही त्यानेच घेतली.

"किआ ओरा," असा इथला नमस्कार करत डॉक्टर आरोहा बाहेर आल्या. बाई हसतमुख, आवाज मऊ. "दोघांचीही चाचणी करू या. चालेल ना तुम्हाला?"

"चालेल की," नीला म्हणाली. त्याला एकटं पडल्यासारखं व्हायला नको. संमतीच्या कागदावर तिने आधी सही केली.

डॉक्टरांनी जुन्या दुखापती विचारल्या. नीलाच सांगू लागली. नाक, बरगड्या, गुडघा, आणि डोकं तर विचारूच नका.

"आणि लबाड किती!" ती हसली. "उजवा गुडघा दुखावला की पट्टी डाव्यावर बांधायचा. चांगली जाड, पांढरीशुभ्र. समोरचे मेले त्या डाव्यावरच काठ्या घालायचे. आणि हा आपला फटके खात उभा."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी गुरुदत्तकडे पाहिलं. तो बुटांकडे पाहत होता.

तो आत गेला आणि लवकरच बाहेर आला.

"एवढ्यात?" नीला उठून उभी राहिली. काही जमलंच नसेल का?

मग ती आत गेली. घड्याळ काढा, चित्रं ओळखा, मघाचे शब्द पुन्हा सांगा. तिला बराच वेळ लागला. तिचं अर्धं लक्ष बाहेर होतं. बाहेर एकटा बसलाय, घाबरला असेल. बाईही गप्पिष्ट, मधूनमधून थांबायच्या, पुन्हा विचारायच्या.

बाहेर आल्यावर ती त्याच्या शेजारी टेकली.

"सिद्धीला कळवलंस का?"

"हो गं. सकाळीच."

थोड्या वेळाने डॉक्टरांनी त्याला खुणेने बोलावलं. एकट्याला. काचेपलीकडून नीला पाहत राहिली. शब्द ऐकू येत नव्हते. डॉक्टर काहीतरी ठामपणे सांगत होत्या. तो मान हलवत होता, नाही, नाही. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बर्फावर कितीही आपटला तरी उठून उभा राहणारा तो माणूस भिंतीला टेकला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

नीलाने पदर खोचावा तसं मन आवळलं. आता आपण रडायचं नाही.

तो आला आणि समोरची खुर्ची ओढून बसला. तिचे दोन्ही हात त्याने हातात घेतले.

"डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट उघडायच्या आधी मीच सांगायला हवं. आजच. याहून जास्त त्या लपवू देणार नाहीत."

"सांग मग," ती म्हणाली. "मी खंबीर आहे रे. मला सगळं ठाऊकच होतं. तुझ्या हातून जे जे निसटेल ना, ते मी लक्षात ठेवीन. तू कशाला घाबरतोस? मी आहे ना."

गुरुदत्तने तिचे हात कपाळाला लावले.

"नीलू," तो म्हणाला, "मला काहीही झालेलं नाही गं. आपण तुझ्यासाठी आलोय."